निघण्याआधीचे हिशेब

नाशिककरांना यात्रा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, चैत्रात सप्तशृंगगडाच्या वाटा पायी जाणाऱ्यांनी भरून जातात, आषाढीआधी निवृत्तिनाथांची पालखी पंढरीची वाट धरते आणि बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. याच भूमीत, नाशिकरोडला, फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोवा अशा ठिकाणांहून भाविक येतात, निरनिराळ्या भाषांत मिस्सा होतात आणि दर्शनाच्या रांगेत ख्रिस्ती माणसांच्या बरोबरीने इतर धर्मांचे लोकही हातात मेणबत्ती घेऊन उभे असतात. गाडी कुठे लावायची, मिस्सा किती वाजता आहे, मुक्कामाची सोय कुठे होईल, ही माहिती आता घरबसल्या मिळते. निघण्याआधी मनाची आणि घराची तयारी कशी करायची, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. हे पुस्तक त्यासाठी आहे. पुस्तकाच्या दारात उभे राहून मला एकच गोष्ट मांडायची आहे. ख्रिस्ती यात्रेची आध्यात्मिक तयारी ही मुळात देणी फेडण्याची तयारी आहे. पैशाची देणी, दिलेल्या शब्दाची देणी, मागायची राहून गेलेली माफी आणि द्यायची राहून गेलेली माफी. प्रार्थना, उपवास, नोव्हेना, पापनिवेदन ही सगळी साधने या हिशेबाला बळ देण्यासाठी आहेत. त्याच्या जागी ती वापरता येत नाहीत.

या म्हणण्याला आधार शोधायला शास्त्रात फार लांब जावे लागत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, येशू वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाबद्दल बोलतो. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे त्याला तिथे आठवले, तर त्याने अर्पण वेदीसमोर तसेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. हे ऐकणाऱ्यांत पुष्कळ लोक गालीलातले होते. त्यांची वेदी यरुशलेमेत, कित्येक दिवसांच्या पायी वाटेवर होती. इतक्या लांब आलेल्या यात्रेकरूला देवळाच्या दारातून परत गावी पाठवणारी ही आज्ञा आहे. भावाच्या मनात काही आहे, चूक कुणाची हे तिथे विचारलेलेही नाही. म्हणजे समेट यात्रेपेक्षा इतका महत्त्वाचा, की त्यासाठी यात्रा अर्ध्यावर सोडावी. यहुदी भाविक वर्षातून तीन सणांना यरुशलेमेला जात. त्यांच्या वाटेशी जोडलेली पंधरा स्तोत्रे, १२० ते १३४, आजही बायबलमध्ये आहेत. त्या मालिकेची सुरुवात देवळाच्या वर्णनाने होत नाही. लबाड ओठांच्या आणि शांतीचा तिटकारा असलेल्या लोकांमध्ये राहणाऱ्या माणसाच्या तक्रारीने ती होते आणि शेवटाजवळ येते ते बांधवांनी ऐक्याने एकत्र राहण्याचे कौतुक. यात्रा भांडणाच्या गावातून निघते आणि एकोप्याकडे जाते, असा तिचा नकाशाच या स्तोत्रांनी काढून ठेवला आहे.

नाशिकच्या यात्रेचा काळही याच दिशेने बोट दाखवतो. बहुतेक वर्षी ती नाताळ आणि उपवासकाळ यांच्या मधल्या दिवसांत येते; गव्हाणीतले बाळ मागे असते आणि क्रूसाची वाट पुढे. तिच्या थोडे आधी, २ फेब्रुवारीला, प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण असतो. नाताळानंतरच्या चाळिसाव्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा या सणाची. लूक सांगतो, की मारिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमेला गेले आणि त्यांनी पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण केले. लेवीय ग्रंथातल्या नियमात हे अर्पण कोकरू परवडत नाही अशा आईसाठी सांगितलेले आहे. बाळ येशूची स्वतःची पहिली यात्रा ही अशी गरिबाघरची यात्रा होती. ऐपतीपेक्षा जास्त काही न वाहता, कर्ज न काढता केलेली. ज्या मूर्तीवरून जगभर ही भक्ती पसरली, तिची कथाही ऐश्वर्याची नाही. स्पेनहून आलेली ती लहानशी मूर्ती पोलिक्सेना या लोब्कोविट्झ घराण्यातील स्त्रीने १६२८ साली प्रागच्या कार्मेल संन्याशांना दिली. तीस वर्षांच्या युद्धात मठ लुटला गेला, मूर्ती अडगळीत पडली आणि १६३७ मध्ये फादर सिरिल यांना ती सापडली तेव्हा तिचे दोन्ही हात तुटलेले होते. आज आपण तिला भरजरी वस्त्रांत पाहतो, पण ही भक्ती पुन्हा उभी राहिली ती मोडलेल्या हातांपुढे गुडघे टेकून. ज्याचे हात मोडले आहेत त्याच्याकडे मागायला जाताना, आपण कुणाचे हात मोडून आलो आहोत का, हा प्रश्न टाळता येत नाही.

ख्रिस्ती यात्रेचा इतिहास पाहिला तर तयारीच्या चार-पाच परंपरा दिसतात. पहिली वचनाची. चौथ्या शतकाच्या अखेरीस इगेरिया नावाची स्त्री पश्चिमेकडून पवित्र भूमीत गेली आणि आपल्या भगिनींसाठी तिने प्रवासाचे टिपण लिहिले. जिथे पोचेल तिथला शास्त्रपाठ वाचायचा, प्रार्थना करायची आणि मग पुढे जायचे, ही तिची रीत. स्थळ पाहण्याआधी वचन ऐकलेले असावे, हा तिचा वारसा. दुसरी परंपरा मध्ययुगीन युरोपची. स्पेनमधल्या सांतियागोला निघालेल्या यात्रेकरूची झोळी आणि काठी वेदीपाशी आशीर्वादित होत असे. पण बाराव्या शतकातल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या ग्रंथातले यात्रेविषयीचे प्रवचन झोळी-काठीवर थांबत नाही. यात्रेकरूने निघण्याआधी अपराध्यांना क्षमा करावी, ज्यांना दुखावले त्यांच्याशी समेट करावा, अन्यायाने घेतलेले परत करावे, बायकोची आणि ज्यांच्याशी आपण बांधलेले आहोत त्यांची परवानगी घ्यावी, असे ते बजावते. पुष्कळ जण मृत्युपत्रही करून निघत, कारण परत येण्याची शाश्वती नसे. आपल्याकडे काशीला निघालेल्या माणसाची निरवानिरव ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही.

तिसरी परंपरा इग्नाशियस लोयोला यांची. ती नाशिकशी थेट जोडलेली आहे, कारण नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराचा सांभाळ त्यांच्याच येशूसंघाकडे आहे. आत्मकथनात इग्नाशियस स्वतःला सतत ‘यात्रेकरू’ म्हणतात. १५२२ च्या मार्चमध्ये ते मोंतसेरातच्या मठात आले, तीन दिवस लागले इतके सविस्तर पापनिवेदन त्यांनी लिहून केले, अंगावरची उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली, गोणपाटाचा झगा घातला आणि रात्रभर वेदीसमोर जागरण केले. पहाटे ते निघून गेले, तर मागून एक माणूस धावत आला आणि विचारू लागला, की ते कपडे खरेच तुम्ही दिलेत का? भिकाऱ्यावर चोरीचा आळ आला होता. होय, मीच दिले, असे सांगताना इग्नाशियस रडले. मला ही घटना तयारीच्या सगळ्या शिकवणीचा गाभा वाटते. त्यागात खोट नव्हती, हेतूही शुद्ध होता; तरी त्याचा भुर्दंड एका गरिबाने भरला. आपल्या भक्तीची किंमत कोण मोजतो, हे त्या पहाटे त्यांच्या पदरात पडले. सासूबाई नऊ दिवसांची भक्ती करतात आणि दोघींचे काम सून एकटी ओढते. नवस फेडायला उसने पैसे काढले जातात आणि मुलांची फी तुंबते. अशा घरांनी ही गोष्ट मोठ्याने वाचावी. पुढे मान्रेसा येथे जवळजवळ वर्षभर प्रार्थनेत काढल्यावर १५२३ मध्ये इग्नाशियस यरुशलेमेला पोचले. कायम राहण्याची इच्छा होती, पण तिथल्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी परत जायला सांगितले आणि ते परतले. ठरवलेले हातून सुटले तरी यात्रा वाया जात नाही, हे समजण्याइतकी त्यांची तयारी झालेली होती. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’त शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून त्यात स्वतः शिरण्याची जी पद्धत आहे, तिचा या पुस्तकात ठिकठिकाणी उपयोग केला आहे.

चौथी परंपरा यात्रेवरच आक्षेप घेणाऱ्यांची आहे आणि तिला बाजूला सारून तयारीबद्दल प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. निस्सा येथील ग्रेगरी यांनी चौथ्या शतकातच लिहिले, की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. ते स्वतः यरुशलेम पाहून आलेले होते आणि तिथेही पाप तितकेच असल्याचे त्यांनी नोंदवले. ‘ख्रिस्तानुकरण’ हा थॉमस ए केम्पिस यांचा ग्रंथ सांगतो, की फार यात्रा करणारे क्वचितच पवित्र होतात. मार्टिन लूथर यांनी १५२० मध्ये रोमच्या यात्रांवर टीका केली ती याच मुद्द्यावर, की माणूस यात्रेवर पैसा उधळतो आणि घरी बायकामुले हलाखीत राहतात. इंग्लंडमध्ये जॉन बन्यन यांनी १६७८ मध्ये यात्रेला पूर्णपणे अंतर्मनात नेले. त्यांच्या ग्रंथाचे हरी केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी ख्रिस्ती वाचकाच्या हाती यात्रेचे हे रूप फार लवकर आले. म्हणूनच आपल्या मंडळ्यांतली कितीतरी प्रॉटेस्टंट घरे आजही विचारतात, की देव सर्वत्र आहे तर नाशिकरोडला कशाला जायचे? प्रश्न खरा आहे. पण या टीकाकारांचे नीट ऐकले तर त्यांचा रोख चालण्यावर नसून न फेडलेल्या देण्यांवर आहे, हे ध्यानात येते. लूथर घरातल्या हलाखीबद्दल बोलतात, ग्रेगरी न बदललेल्या मनाबद्दल. म्हणजे यात्रेच्या विरोधकांनी जे मागितले तेच मध्ययुगातल्या त्या प्रवचनानेही मागितले होते. तयारी ही या दोन पक्षांना जोडणारी जमीन आहे. जो हिशेब मिटवून निघतो त्याला लूथर यांचा हा आक्षेप लागू होत नाही, आणि जो मिटवत नाही त्याला सांतियागोचा प्रवचनकारही पाठीशी घालत नाही.

पाचवी परंपरा आपली, मराठी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले आणि ओवीच्या चालीत ऐकणे हीच श्रोत्यांची साधना झाली. नारायण वामन टिळकांनी अभंग-कीर्तनाची वाट ख्रिस्ती उपासनेत आणली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो ही त्यांची भावना प्रसिद्धच आहे. पण तयारीच्या दृष्टीने मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक अधिक मोलाच्या वाटतात. नाशिकजवळच्या जलालपूरचा त्यांचा जन्म, आणि अखेरचा काळही नाशिकचाच. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे दुराव्याची, अपमानाची आणि मग हळूहळू सोवळे गळून पडण्याची. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना दिसते, की त्यांचा बदल तत्त्वचर्चेने झाला नाही. कुणाच्या हातचे पाणी घ्यायचे आणि कुणाच्या पंक्तीला बसायचे, या रोजच्या प्रश्नांतून तो झाला. शेजारच्या माणसाशी असलेले नाते आधी मोकळे झाले आणि त्या मोकळिकीतून श्रद्धेला वाट मिळाली. दुसरे उदाहरणही नाशिकचेच. इथल्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला. तिथे शिकलेले जेकब वेनराइट १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूनंतर त्यांचा देह महिनोन् महिने चालत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होते. लिव्हिंगस्टन यांचे हृदय जिथे पुरले तिथे अंत्यविधीचा पाठ त्यांनी वाचला. त्या वाटेची वेगळी तयारी कुणी करून घेतली नव्हती. शरणपूरच्या रोजच्या पाठांतून आणि प्रार्थनांतून जे अंगी मुरले, तेच जंगलात उभे राहिले.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. तयारीवर इतका भर दिला तर यात्रा ही पात्रतेची परीक्षा होणार नाही का? आजारी लेकरू कडेवर घेऊन आलेल्या आईला, तू हिशेब मिटवून आलीस का, असे विचारायचे? नाशिकमध्ये तर हा प्रश्न फार जपून हाताळायला हवा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच शहरात सुरू झाला आणि पाच वर्षे माणसे एका दारापुढे उभी राहिली. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित समाजातून आलेला आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला जो जनसागर लोटतो, त्यात ज्यांच्या आजोबा-पणजोबांना देवळाची पायरी वर्ज्य होती अशी असंख्य घरे आहेत. त्यांच्यासाठी यात्रेत ताठ मानेने चालणे हीच एक प्रार्थना आहे. त्यामुळे या पुस्तकातली ‘तयारी’ आणि ‘सोवळे’ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सोवळे दुसऱ्याला दूर ठेवते. तयारी दुसऱ्याकडे पाठवते. बारा वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली, नियमाने अशुद्ध ठरलेली स्त्री गर्दीत घुसून येशूच्या वस्त्राला शिवली, तेव्हा त्याने तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली. तिच्याकडे कुणी तयारीचा दाखला मागितला नाही. जकातदार जक्कयाच्या बाबतीत तर क्रमच उलटा झाला: येशू आधी त्याच्या घरी गेला आणि मग जक्कय उठून म्हणाला, की ज्यांना लुबाडले त्यांना चौपट देतो. हिशेब आधी होवो की नंतर, पण भेट खरी असेल तर तो होतोच. दुःखाने ढकलून आणलेल्या माणसासाठी दार उघडेच असले पाहिजे; तयारीची सक्ती कुणी कुणावर करायची नसते, ती ज्याची त्याने आपल्या मनाशी करायची असते.

नवसाचेही असेच. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, बाहुली, घर असे नवसाचे आकार विकत मिळतात आणि सुशिक्षित माणूस त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतो. पण मेणाचा पाय हातात धरलेली बाई निदान आपल्याला काय हवे आहे ते लपवत नाही. व्हॅटिकनने २००१ मध्ये लोकभक्तीविषयी जो मार्गदर्शक दस्तऐवज काढला, त्यानेही अशा भक्तीला तुच्छ न लेखता वचनाशी आणि संस्कारांशी जोडण्याचा सल्ला दिला आहे. प्रश्न नवस करण्याचा नाही. नवस देवाशी केलेला सौदा म्हणून उरतो तेव्हा अडचण होते. घरासाठी मेणाचे घर वाहणाऱ्याने, भावाच्या वाट्याचे घर आपण बळकावून बसलो नाही ना, एवढे आधी पाहिले, की त्याच नवसाची प्रार्थना होते.

या पुस्तकाची गरज आजच का, याचे उत्तर रस्त्यात आहे. पूर्वी लांबचा पल्ला स्वतःच माणसाला घडवत असे. तहान, पायांचे फोड, अनोळखी माणसाच्या ओसरीवरचा मुक्काम यांनी माणूस पोचेपर्यंत निवत जाई. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीकडचा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई-नाशिक अंतर आणखी आक्रसले. सकाळी निघून दर्शन घेऊन रात्री घरी येता येते. याला दोष देण्याचे कारण नाही. म्हाताऱ्या-आजारी माणसांना यामुळेच यात्रा घडते. पण जे काम वाट करायची ते आता घरी, निघण्याआधी करावे लागेल, नाहीतर ते होणारच नाही. पवित्र भूमीच्या सहली, २०२५ मध्ये झालेले रोमचे ज्युबिली वर्ष, तोंडावर आलेला सिंहस्थ, या सगळ्यांमुळे यात्रा हा शब्द सध्या सर्वांच्या तोंडी आहे. अशा वेळी यात्रा आणि सहल यांतला फरक निघण्याआधीच्या दिवसांत ठरतो. नोव्हेनाच्या नऊ दिवसांची जुनी चौकट इथे कामी येते: एका दिवसात जे जमत नाही ते नऊ दिवसांत थोडे थोडे करता येते.

या संग्रहाने तेच करायचे ठरवले आहे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही परंपरांतले लेखन इथे शेजारी शेजारी ठेवले आहे, आणि मतभेद झाकलेले नाहीत. एकट्याने वाचण्याजोगे चिंतन आहे, तसे कुटुंबाने एकत्र बसून करण्याजोगे उपक्रमही आहेत. अंथरुणाला खिळलेल्या, यात्रेला जाऊ न शकणाऱ्या माणसाचाही विचार केला आहे, कारण देणी फेडण्यासाठी प्रवास करावाच लागतो असे नाही. बाळ येशूला भेटायला येणाऱ्या ख्रिस्तेतर भाविकालाही हे पुस्तक परके वाटू नये, अशी भाषा ठेवली आहे. नकाशा, वेळापत्रक, चमत्कारांच्या कथा मात्र इथे मिळणार नाहीत.

वाचकाला माझी एक विनंती आहे. हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचून संपवू नका. पहिला भाग वाचून झाला, की ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एका माणसाचे नाव लिहा आणि त्याच्याकडे जाऊन या, मगच दुसरा भाग उघडा. तो दार उघडेलच असे नाही, माफी मिळेलच असेही नाही. समेट दोघांचा असतो, पण पहिले पाऊल एकट्याला टाकता येते आणि तेवढेच आपल्याकडे मागितलेले आहे. त्यात यात्रेची तारीख हुकली तरी चालेल. पुढच्या फेब्रुवारीत यात्रा पुन्हा भरेल. तो माणूस तोवर असेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.